सर्पिल जीवाणू: नमुना, निरीक्षण आणि वर्गीकरण

मायक्रोस्कोपखाली वळसे घेत जाणारा जीवाणू दिसला की वहीत लगेच ‘स्पायरिलम’ किंवा ‘स्पायरोकीट’ (सर्पिल जीवाणूंचे दोन गट) लिहून टाकण्याचा मोह होतो. तो आवरा. वळसेदार शरीर जीवाणूंच्या अनेक घराण्यांत वेगवेगळ्या वाटांनी आलेले आहे. १८७२ साली फर्डिनांड कोन यांनी आकारावरून जीवाणूंचे चार गट पाडले, तेव्हा वळसेदार असलेले सारे ‘स्पायरोबॅक्टेरिया’ या एकाच गटात गेले. आज ते निरनिराळ्या संघांत (वर्गीकरणातल्या मोठ्या गटांत) विखुरलेले आहेत, आणि त्यांतल्या काहींचे परस्परांशी नाते आपले आणि गवताचे असावे तितके लांबचे आहे.

तरीही आकार निरुपयोगी नाही. साध्या कॉलेज-मायक्रोस्कोपवर तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात: शरीर ताठ आहे की लवचिक, वळसा पुरा आहे की अर्धा, आणि कशाभिका (पोहण्यासाठीचे बारीक धागे) बाहेर आहेत की आत. एवढ्यावरून गट ठरवता येतो. नाव मात्र तिथे देऊ नये.

नमुना कुठून घ्यायचा

बडोद्यात पहिली सूचना हीच, की विश्वामित्रीच्या काठाला वाकून बाटली भरू नका. नदीत मगरी आहेत, अगदी शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या पट्ट्यातही. पावसाळ्यात आणखी एक कारण जोडले जाते: उंदीर-घुशी आणि गुरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हे रोगकारक स्पायरोकीट पाण्यात उतरतात आणि पायावरच्या साध्या चिरेतून शरीरात शिरतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आला तसा पूर ओसरल्यावर साचलेले पाणी या कामासाठी वापरूच नये.

त्यापेक्षा अंगणातली कमळाची टाकी, बरेच दिवस न उपसलेला हौद, किंवा सूरसागर तलावाच्या कठड्यावरून दोरीने सोडलेली बाटली पुरते. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या वाड्यांत असे हौद अजून सापडतात. वरचे स्वच्छ पाणी घेऊन उपयोग नाही. कुजलेली पाने आणि तळाचा काळपट गाळ जिथे पाण्याला भिडतो, तिथला नमुना घ्या. स्पायरिला (‘स्पायरिलम’चे अनेकवचन) गटातल्या बहुतेकांना थोडाच ऑक्सिजन मानवतो आणि तो त्या सीमेवर मिळतो. हातमोजे घाला, पिपेट तोंडाने ओढू नका.

ताज्या पाण्यात स्पायरिला विरळ असतात, म्हणून त्यांची संख्या वाढवून घ्यावी लागते. ५ ग्रॅम सुके गवत बारीक कापून ५०० मिली पाण्यात १५ मिनिटे उकळा. गाळून पूर्ण थंड करा. रुंद तोंडाच्या बरणीत हे ३०० मिली पाणी, ५० मिली तळ्याचे पाणी आणि चमचाभर गाळ घाला. वर सैल झाकण ठेवा आणि बरणी उन्हापासून दूर, २५ ते ३० अंशांत ठेवा. मेमध्ये बडोद्याची गच्ची किंवा पत्र्याची खोली चालणार नाही. घरातला सर्वांत थंड कोपरा निवडा. पहिले एक-दोन दिवस पाणी गढूळ होते आणि नुसते दंडाकार जीवाणू दिसतात. मग पृष्ठभागावर पातळ साय धरते. स्पायरिला सहसा या सायीच्या दोन-तीन मिलिमीटर खाली जमतात, म्हणून ड्रॉपर साय फोडून खोल न घालता बाजूने तिरका सरकवून तेवढ्याच पातळीवरून थेंब घ्या. तिसऱ्या दिवसापासून रोज पाहा.

बरणी फसते ती बहुधा दोन कारणांनी. गवत जास्त पडले की पाणी सडते, ऑक्सिजन पार संपतो आणि दुर्गंधीबरोबर फक्त दंडाकार जीवाणू उरतात. किंवा पाहायला उशीर होतो: आठवडाभरात पॅरामेशियमसारखे सिलिएट (एकपेशीय सूक्ष्मजीव) वाढतात आणि जीवाणू खाऊन टाकतात. चाऱ्याच्या वखारीतून आणलेल्या गवतावर कीटकनाशक फवारलेले असेल तर काहीच वाढत नाही, तेव्हा न फवारलेले गवत बघून घ्या.

स्पायरोकीट हवे असतील तर याहून सोपा स्रोत स्वतःच्या तोंडात आहे. हिरडी आणि दात यांच्या सांध्यातला पांढरा थर निर्जंतुक टूथपिकने घेऊन थुंकीच्या किंवा ०.८५ टक्के मिठाच्या पाण्याच्या थेंबात मिसळा. तोंडातले ट्रेपोनेमा गटातले जीवाणू तिथे दिसतात, आणि हिरड्यांना सूज असेल तर फारच मोठ्या संख्येने. नमुना फक्त स्वतःचा घ्या.

दुसरा स्रोत वाळवी, म्हणजे आपल्याकडची उधई. झाडाच्या खोडावर मातीचे पापुद्रे चढवणारी किंवा वारूळ करणारी वाळवी बहुधा बुरशीची शेती करणाऱ्या गटातली असते आणि तिच्या आतड्यात मोठे स्पायरोकीट क्वचित मिळतात. थेट लाकडाच्या आत, दाराच्या चौकटीत किंवा पडलेल्या ओंडक्यात राहणारी घ्या. शरीराचे टोक चिमट्याने हलकेच ओढले की आतड्याचा फुगीर भाग बाहेर येतो. तो ०.६ टक्के मिठाच्या थेंबात फोडा आणि लगेच कव्हरस्लिप ठेवा. हे जीवाणू ऑक्सिजनविरहित जागेतले आहेत. स्लाइड टेबलावर राहिली तर त्यांची हालचाल मंदावून थांबते.

चुंबकीय स्पायरिलासाठी एक लिटरची बरणी एक-तृतीयांश गाळाने आणि बाकी त्याच जागच्या पाण्याने भरा. सैल झाकून काही आठवडे अंधुक उजेडात ठेवा, ढवळू नका. मग पट्टीचुंबकाचा दक्षिण ध्रुव काचेला बाहेरून, गाळाच्या किंचित वर चिकटवा. उत्तर गोलार्धातले हे जीवाणू उत्तरेकडे पोहणारे असतात, म्हणून ते चुंबकाच्या दक्षिण ध्रुवाजवळ गोळा होतात. अर्ध्या ते एक तासाने त्या जागचे पाणी पिपेटने घ्या. जमलेल्यांत गोल जीवाणूच जास्त निघाले तर नवल नाही, चुंबक ओळखणारे सगळे वळसेदार नसतात.

मायक्रोस्कोप लावताना

२२ × २२ मिमीच्या कव्हरस्लिपखाली १० मायक्रोलिटरचा थेंब सुमारे २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर देतो. मोठा थेंब घेतला की जीवाणू वर-खाली पोहत फोकसमधून सुटतात आणि मागे उजेडाचा धूसर पडदा येतो. कव्हरस्लिप ०.१७ मिमी जाडीची, स्लाइड स्पिरिटने पुसलेली हवी. कडांना व्हॅसलीन लावले तर थेंब सुकत नाही आणि आतला प्रवाहही थांबतो. हा प्रवाह नवख्यांना हमखास चकवतो. सगळे कण एकाच दिशेला सरकत असतील तर ते पोहणे नव्हे.

उजळ पार्श्वभूमीवर बारीक स्पायरोकीट दिसत नाहीत, कारण साध्या प्रकाशाची ओळखण्याची मर्यादा सुमारे ०.२ मायक्रॉन आहे आणि लेप्टोस्पायराची जाडी साधारण ०.१ मायक्रॉन. यासाठी डार्क फील्ड लागते, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर जीवाणू उजळ दिसतील अशी प्रकाशयोजना. ४० च्या ऑब्जेक्टिव्हपुरते ते घरगुती साधनाने जमते: काळ्या जाड कागदाची गोल चकती पारदर्शक प्लास्टिकवर चिकटवून कंडेन्सरखालच्या (स्लाइडवर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखालच्या) फिल्टर-खाचेत बरोबर मध्यभागी बसवा. १४ मिमीपासून सुरुवात करा आणि १ मिमीने वाढवत जा. आयपीस काढून नळीतून खाली बघा. चकतीच्या सावलीने ऑब्जेक्टिव्हचे सगळे तोंड झाकले गेले की माप बरोबर. कंडेन्सर अगदी वर चढवा, डायफ्रॅम पूर्ण उघडा, दिवा पूर्ण करा. पार्श्वभूमी काळी न होता राखाडी राहिली तर चकती लहान आहे, मध्यातून सरकली आहे किंवा स्लाइडवर धूळ आहे. १०० च्या तेलातल्या ऑब्जेक्टिव्हला ही चकती चालत नाही. त्याला तेलाचा खास डार्क फील्ड कंडेन्सर हवा.

काय पाहायचे

आधी सगळ्या दृश्यावरून नजर फिरवा आणि मग एकच जीवाणू निवडून तो अर्धा मिनिट सोडू नका. निर्णय हालचालीवरून होतो, स्थिर चित्रावरून नाही.

स्पायरिलम गटातला जीवाणू ताठ असतो. तो स्वतःभोवती फिरत सरळ रेषेत झपाट्याने जातो, थांबतो आणि तोंड न वळवताच उलट दिशेने निघतो. या सगळ्यात त्याच्या वळशांची संख्या आणि उंची बदलत नाही. स्पायरिलम व्होल्युटान्स हा यातला दांडगा प्राणी: सुमारे दीड मायक्रॉन रुंद, १४ ते ६० मायक्रॉन लांब. डार्क फील्डमध्ये त्याच्या दोन्ही टोकांशी कशाभिकांचे झुबके फिरताना शंकूच्या आकाराची चमक दिसते आणि शरीरात पॉलिफॉस्फेटचे ठळक कण दिसतात. ती चमक दिसली की कशाभिका बाहेर आहेत हे नक्की.

स्पायरोकीट मात्र वाकतो. गिरकी घेतो, मध्येच कोनात मोडल्यासारखा होतो, पुन्हा सरळ होतो, कणाला टेकून सरपटतो. त्याच्या कशाभिका दोन्ही टोकांशी रुजलेल्या असतात, पण त्या बाह्यपटलाच्या आत, पेशीच्या दंडगोलाभोवती गुंडाळलेल्या असतात. त्यांची संख्या ओळखीला उपयोगी पडते: लेप्टोस्पायराला प्रत्येक टोकाशी एकच, बोरेलियाला साधारण ७ ते ११, शिंपल्यांच्या पचनमार्गात राहणाऱ्या क्रिस्टिस्पायराला शंभरहून अधिक. ती मोजायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. साध्या मायक्रोस्कोपवर टोके बघा. लेप्टोस्पायराची टोके आकड्यासारखी वळलेली असतात. १९०७ मध्ये स्टिमसन यांनी प्रश्नचिन्हासारखा दिसतो म्हणून त्याला ‘इंटेरोगन्स’ नाव दिले, ते अजून चालू आहे.

शंका राहिली तर दाट पाण्याची चाचणी करा. १ टक्के मेथिल सेल्युलोजचे पाणी आणि नमुना समान मिसळा. बाहेर कशाभिका असलेले जीवाणू या दाट पाण्यात मंद पडतात. स्पायरोकीटचे पोहणे टिकते, आणि लेप्टोस्पायरा तर आणखी वेगाने पुढे सरकतो, कारण फिरणाऱ्या सर्पिल शरीराला दाट माध्यमात पकड मिळते.

व्हिब्रिओचा वळसा पुरा नसतो, नुसता स्वल्पविराम असतो. फसगत इथे जास्त होते, कारण विभाजनानंतर दोन व्हिब्रिओ टोकाला जोडलेले राहिले की इंग्रजी एस तयार होतो आणि तो छोटा स्पायरिलम वाटतो. अशा वेळी जोडाच्या मध्यावर विभाजनाची खाच आहे का ते बघा, आणि आजूबाजूला सुटे स्वल्पविराम मोजा. कॅम्पायलोबॅक्टर या दुसऱ्या वळसेदार जीवाणूचे जोड पसरलेल्या पंखांसारखे दिसतात. याच्या आणि हेलिकोबॅक्टर या आणखी एका वळसेदार जीवाणूच्या जुन्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत वाढवलेल्या साठ्यात) पेशी चक्क गोल होतात, म्हणून आकार नेहमी ताज्या वाढीवरून नोंदवा.

वळसा उजवा की डावा हे जाड स्पायरिलामध्ये १०० च्या ऑब्जेक्टिव्हने ठरवता येते. फोकस जीवाणूच्या वरच्या कडेवर आणा. मधल्या फोकसमध्ये फक्त नागमोडी रेघ दिसते आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. चित्र फिरवून जीवाणूचा अक्ष उभा करा. वरच्या बाजूचे वळसे खालून डावीकडून वर उजवीकडे चढत असतील तर तो उजवा. मायक्रोस्कोप चित्र उलटे करतो त्याने हे बदलत नाही, पण कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये आरशासारखी सेटिंग चालू असेल तर उत्तर चुकते. एखादा छापील शब्द स्लाइडखाली ठेवून हे आधी तपासा.

खोट्या स्पायरोकीटपासून सावध राहा. कापसाचा तंतू, काचेवरचा ओरखडा, सुटलेल्या कशाभिका आणि रक्तातले फायब्रिनचे धागे हुबेहूब वळसेदार दिसतात आणि पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी थरथरतातही. थरथर आणि प्रवास यांतला फरक अर्ध्या मिनिटात कळतो. रुग्णाच्या रक्तात डार्क फील्डने लेप्टोस्पायरा पाहून निदान करणे याच कारणाने भरवशाचे मानत नाहीत.

रंग देणे

ग्रॅम रंगकाम (जांभळ्या आणि गुलाबी रंगावरून जीवाणूंचे दोन गट पाडणारी पद्धत) स्पायरिला आणि व्हिब्रिओला चालते, दोघे ग्रॅम-ऋण, म्हणजे गुलाबी रंगणारे. कॅम्पायलोबॅक्टर सॅफ्रानिनने फिका पडतो, तिथे शेवटचा रंग म्हणून पातळ कार्बोल फुक्सिन वापरा. बहुतेक स्पायरोकीट ग्रॅमने दिसण्याइतके रंगतच नाहीत. बोरेलिया गिम्साने रंगतो, ट्रेपोनेमा आणि लेप्टोस्पायरासाठी चांदीचा मुलामा देणारे फोंटाना रंगकाम. ज्योतीवर जास्त तापवलेल्या स्मिअरमध्ये (स्लाइडवर पसरून सुकवलेल्या थरात) वळसे चपटे होतात आणि मोजमाप चुकते.

कशाभिकांसाठी र्यू यांची पद्धत सर्वांत कमी त्रासाची. पहिले द्रावण: ५ टक्के फिनॉल १० मिली, टॅनिक ॲसिड २ ग्रॅम, तुरटीचे संपृक्त द्रावण १० मिली. दुसरे: १०० मिली ९५ टक्के अल्कोहोलमध्ये १२ ग्रॅम क्रिस्टल व्हायोलेट. पहिल्याचे १० भाग, दुसऱ्याचा १ भाग मिसळून गाळा. ओल्या स्लाइडवर कव्हरस्लिपच्या कडेला एक थेंब सोडा, तो आपोआप आत शिरतो. ५ ते १५ मिनिटांनी रंग आणि नमुना जिथे मिसळतात त्या पट्ट्यात पाहा. स्पायरिलाच्या दोन्ही टोकांचे झुबके, व्हिब्रिओची बहुधा एका टोकाची एकच कशाभिका दिसते. जिवंतपणी जोरात पोहणाऱ्या वळसेदार जीवाणूला कशाभिका दिसल्याच नाहीत तर त्या आत असण्याची शक्यता मोठी. फिनॉल त्वचा भाजते, हातमोजे काढू नका.

वाढवायचे असेल तर

हे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करा. महाराजा सयाजीराव विद्यापीठात मायक्रोबायोलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे; विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकांना विचारून हे काम तिथे करावे. स्पायरिलासाठी एका लिटरला पेप्टोन ५ ग्रॅम, सक्सिनिक ॲसिड १ ग्रॅम, अमोनियम सल्फेट १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १ ग्रॅम, फेरिक क्लोराइड आणि मँगनीज सल्फेट प्रत्येकी २ मिलिग्रॅम. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ६.८ च्या आसपास. त्यात ०.१५ टक्के अगार (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) घालून परीक्षानळी भरली की पृष्ठभागाच्या काही मिलिमीटर खाली धूसर पट्टा येतो. पट्ट्याची खोली हीच त्या जीवाणूची ऑक्सिजनची आवड. साध्या घट्ट प्लेटवर उघड्या हवेत ठेवलेला स्पायरिलम व्होल्युटान्स वाढत नाही आणि दोष माध्यमाला दिला जातो.

बारीक वळसेदार जीवाणू वेगळे काढायला प्लेटच्या मधोमध ०.४५ मायक्रॉनची पटल-गाळणी ठेवून तिच्यावर नमुन्याचा थेंब सोडा. सडपातळ आणि पोहणारे जीवाणू छिद्रांतून खाली उतरतात, दंडाकार आणि गोल बहुतांश वर अडकतात. काही तासांनी गाळणी उचला. स्पायरोकीटची वाढ पृष्ठभागावर ठिपक्यासारखी न येता अगारच्या आत धुक्यासारखी पसरते. त्या धुक्याच्या सर्वांत बाहेरच्या कडेतून तुकडा कापा, मध्यातून नाही.

वर्गीकरणाची आजची रीत

आकारावर चाललेली पद्धत कशी ढासळली हे एका जीवाणूवरून स्पष्ट होते. गोड्या पाण्यातला चुंबकीय सर्पिल जीवाणू १९८१ मध्ये ॲक्वास्पायरिलम मॅग्नेटोटॅक्टिकम या नावाने आला. ॲक्वास्पायरिलम ही प्रजातीच (प्रजाती म्हणजे जीनस, अनेक जातींचा गट) १९७३ मध्ये जुन्या स्पायरिलममधून काढलेली होती: गोड्या पाण्यातले ॲक्वास्पायरिलम, समुद्रातले ओशनोस्पायरिलम, मोठे आणि कमी ऑक्सिजनचे मूळ स्पायरिलम. पुढे रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या) १६एस जनुकाची तुलना झाली आणि चुंबकीय जीवाणू वेगळ्याच वर्गातला निघाला. १९९१ मध्ये त्याची मॅग्नेटोस्पायरिलम ही प्रजाती झाली. ॲझोस्पायरिलम आणि जांभळा रोडोस्पायरिलम त्याच अल्फा वर्गात आहेत, तर ओशनोस्पायरिलम आणि व्हिब्रिओ गॅमा वर्गात. कॅम्पायलोबॅक्टर आणि हेलिकोबॅक्टर यांचा संघ कॅम्पायलोबॅक्टरोटा. पेशीभित्तिकाच नसलेला स्पायरोप्लाझ्मा मायकोप्लाझ्माटोटा संघात, आणि डब्यातून विकली जाणारी हिरवी स्पायरुलिना सायनोबॅक्टेरियात.

स्पायरोकीटचे नशीब वेगळे. १९७७ नंतर कार्ल वूझ आणि सहकाऱ्यांनी १६एसवरून जीवाणूंची वंशावळ मांडत नेली, तेव्हा जुना आकारगट जवळपास तसाच टिकलेल्या मोजक्या गटांत हा होता. आज त्याचा संघ स्पायरोकीटोटा. कारण उघड आहे: तिथे गट नुसत्या वळशावर उभा नव्हता, आत दडलेल्या कशाभिकांच्या रचनेवर उभा होता, आणि अशी रचना पुन्हापुन्हा नव्याने घडत नाही. तरी २०१२ मध्ये स्फेरोकीटा ही प्रजाती नोंदली गेली: वंशाने स्पायरोकीट, दिसायला गोल, कशाभिका नाहीत. मायक्रोस्कोपवरून ती कोणालाच ओळखता आली नसती.

प्रत्यक्ष कामात शुद्ध कल्चरमधून डीएनए काढा, २७एफ आणि १४९२आर या प्रायमरनी (जनुकाची प्रत सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) १६एसचे सुमारे १,५०० बेसचे जनुक वाढवा आणि क्रम वाचून घ्या. जुळणी सुमारे ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर जाती नवी असण्याची शक्यता, ९४.५ च्या आसपास किंवा खाली असेल तर प्रजातीही नवी असू शकते. वर असेल तर जात तीच, असा उलटा अर्थ मात्र काढू नका. तिथे संपूर्ण जनुकसंचाची सरासरी जुळणी पाहतात आणि ९५ ते ९६ टक्के ही जातीची सीमा धरतात. २७एफ प्रायमर बोरेलियाच्या क्रमाशी नीट जुळत नाही, त्यामुळे मिश्र नमुन्यात तो गट दिसला नाही म्हणजे नाहीच असे लिहू नये. क्रमात दुहेरी शिखरे दिसली तर बहुधा कल्चर शुद्ध नाही. पुन्हा गाळणीपासून सुरुवात करा.

नवी जात अधिकृत व्हायची तर तिचा नमुना-वाण (त्या जातीचे प्रमाण मानलेले कल्चर) दोन वेगळ्या देशांतल्या जीवाणू-संग्रहांत ठेवावा लागतो. भारतात चंडीगडचा एमटीसीसी आणि पुण्याचा एमसीसी हे असे संग्रह. जे वाढवताच येत नाहीत त्यांच्या नावाआधी ‘कँडिडाटस’ लागते. सिफिलिसचा ट्रेपोनेमा पॅलिडम १९०५ मध्ये शॉडिन आणि हॉफमन यांनी शोधला, पण प्रयोगशाळेत तो सलग वाढवणे २०१८ मध्ये जमले, तेही सशाच्या पेशींच्या सोबतीने.

लेप्टोस्पायरासाठी दोन पद्धती समांतर चालतात आणि अहवाल वाचताना याचा गोंधळ होतो. जुनी पद्धत रक्तद्रवाच्या प्रतिक्रियेवरून सेरोव्हार (उपप्रकार) ठरवते, नवी जनुकसंचावरून जाती. एकच सेरोव्हार दोन वेगळ्या जातींत सापडू शकतो, म्हणून एकावरून दुसरे अनुमानू नका. रोगकारक आणि निरुपद्रवी यांतला जुना फरक असा: निरुपद्रवी लेप्टोस्पायरा १३ अंशांना वाढतो आणि प्रति मिलिलिटर २२५ मायक्रोग्रॅम ८-ॲझाग्वानिन हे वाढ रोखणारे रसायन सहन करतो, रोगकारक दोन्हीकडे थांबतो. सुरत, नवसारी, वलसाडच्या पट्ट्यात हा आजार पावसाळ्यात ठाण मांडून असतो, तेव्हा तिकडचा नमुना हौसेने वाढवू नये.

वापरलेल्या स्लाइड आणि पिपेट १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास बुडवा. कल्चर १२१ अंशांना, १५ पौंड दाबाखाली १५ मिनिटे. हायपोक्लोराइट रोज ताजे करा, बडोद्याच्या उन्हाळ्यात ते लवकर निष्प्रभ होते. गवताच्या पाण्याची बरणीही मोरीत रिकामी करण्याआधी असेच उपचार करून घ्या.